जांभळ्या पोशाखातला राखणदार

गेल्या रविवारी रात्री ‘द फँटम’ पुन्हा पाहिला. १९९६ सालचा, सायमन विन्सर दिग्दर्शित. नायक बिली झेन. तिकडे तो फँटम असला, तरी आमच्या घरात तो वेताळच. टाइम्स समूहानं १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि मराठी अंकांतून तो याच नावानं आमच्याकडे आला. वडील स्टेशनवरच्या स्टॉलवरून अंक आणायचे आणि हातपाय धुण्याआधी स्वतः अर्धा वाचून काढायचे.

हे नाव ज्याला सुचलं, त्याला मी मनापासून नमस्कार करतो. फँटम म्हणजे नुसतं भूत. आपला वेताळ कोकणात, गोव्यात गावाचा राखणदार आहे. रात्री तो गावाभोवती फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून गोव्यात आमोण्याच्या वेताळाला भाविक चामडी वहाणा वाहतात. अमेरिकेत ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ही चित्रमालिका सुरू केली, तेव्हा त्यांचा नायकही ‘चालणारं भूत’च होता. अंगात दैवी शक्ती नाही. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, आणि जंगलाला वाटतं, हा मरतच नाही.

सिनेमा घडतो १९३८ मध्ये. न्यूयॉर्कचा धनाढ्य झँडर ड्रॅक्स तीन जादुई कवट्यांच्या मागे लागलाय. सुरुवातीलाच त्याचे गुंड दोरांच्या पुलावर एका पोराला ट्रकमध्ये बांधून ठेवतात, फळ्या मोडू लागतात, आणि पांढऱ्या घोड्यावरून जांभळ्या पोशाखातला माणूस येतो. पुढे तो नायिका डायनाला घेऊन विमानातून थेट दौडत्या घोड्यावर उतरतो! हे शक्य नाही, हे मला कळतं. तरी त्या क्षणी मी खुर्चीत पुढे सरकलो होतो.

पटकथा जेफ्री बोम यांची. आधी हा सिनेमा जो दांते करणार होते, आणि त्यांच्या मनात थट्टेचा सूर होता. पटकथा गमतीनं लिहिली होती हे बनवणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही, असं दांते नंतर म्हणाले. माझ्या मते हा सिनेमा तरला तो नेमका त्यामुळे. झेन एकदाही प्रेक्षकाकडे पाहून डोळा मिचकावत नाही. तो अंगाला घट्ट पोशाख, ती कवटीची अंगठी, चाच्यांविरुद्ध घेतलेली चारशे वर्षांपूर्वीची शपथ, सगळं तो खरं मानून वावरतो. बॅटमॅननं तेव्हा पडदा काळोखा करून टाकला होता. त्या दिवसांत एवढं प्रसन्न, सरळ मनाचं शौर्य दाखवायला धीर लागला असणार.

एक गोष्ट मात्र आता टोचते. जंगलातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्यानंच का राखायचं? ही वसाहतींच्या काळातली समजूत आहे. सिनेमा तिला हातही लावत नाही, आणि मी लहानपणी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

चित्रपट आपटला. साडेचार कोटी डॉलर खर्चून अमेरिकेत पावणेदोन कोटींच्या आसपास मिळाले. झेननं तो पोशाख पुन्हा घातला नाही.

मला सगळ्यात आवडतात ते बापलेकाचे प्रसंग. विसाव्या वेताळाला क्विल नावाच्या गुंडानं दगा देऊन मारलंय, आणि त्याचा पट्टा तो खुनी आपल्या कमरेला मिरवतोय. मेलेला बाप कवटीच्या गुहेत येतो, लेकाला टोचून बोलतो, अंगठी सांभाळ म्हणून बजावतो. लेकाशिवाय तो कुणाला दिसत नाही. ही भूमिका पॅट्रिक मॅकगूहन यांनी केली आहे, आणि त्यांच्या आवाजात दटावणी आणि माया वेगळी काढता येत नाही. तो प्रसंग मी मागे नेऊन तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा आवाज थोडा वाढवला.