नास आणि धाड

काही माणसांना सारखेपणाचा भारी सोस असतो. स्वयंपाकघरात एकाच उंचीचे बारा डबे, त्यांना एकाच रंगाची झाकणं. माझी हरकत नाही. डबे त्यांचे, डाळही त्यांचीच. पण हीच माणसं आता संगणकातली जाणकार होऊन आमच्या हार्ड डिस्कांच्या मागे लागली आहेत, म्हणून बोलावं लागतं.

फोनमधले फोटो, लग्नाच्या कॅसेटींवरून उतरवलेलं चित्रण, वडिलांचा आवाज असं सगळं एका जागी ठेवायला एक पेटी मिळते. तिच्यात तीन-चार हार्ड डिस्का बसतात आणि ती घरातल्या सगळ्यांना आपापल्या फोनवरून उघडता येते. तिचं नाव 'नास'. ज्या घरात उन्हाळ्यात दूध सांभाळावं लागतं, तिथं हे नाव शुभ वाटणं कठीण. डिस्का एकत्र बांधण्याच्या पद्धतीला म्हणतात 'रेड', म्हणजे उच्चारावरून धाडच. नास आणि धाड! बारशाला मराठी माणूस हजर नव्हता हे उघड आहे.

जाणकाराचं पालुपद एकच : "काका, चारही एकाच मापाच्या घ्या." का? तर 'रेड ५' मध्ये सगळ्यांत लहान डिस्क जेवढी, तेवढीच प्रत्येक मोजली जाते. तुमच्याकडे २, ४, ४ आणि ८ टेराबाइटच्या डिस्का आहेत असं धरा. बेरीज १८. मोजणार प्रत्येकी २, म्हणजे ८. त्यातले २ विम्याला. एखादी डिस्क गेली तर तिच्यावरचं बाकीच्यांवरून पुन्हा उभं करता यावं म्हणून. हाती राहिले ६. अठरातले सहा! पंगतीत बाळाने अर्धी पोळी खाल्ली म्हणून पैलवानालाही अर्धीच वाढायची, असा हा कायदा. यावर जाणकार म्हणतो, सगळे पैलवान आणा. मी म्हणतो, वाढपी बदला.

आमच्या औंधात (पुण्याच्या नव्हे हो, यमाईच्या) बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर संग्रहालय उभारलं. तिथं रविवर्म्याची तैलचित्रं आहेत, हेन्री मूरचं छोटंसं शिल्पही आहे. त्या शिल्पाच्या मापाने कुणी रविवर्मा कापला नाही. संस्थान तरी कसं होतं? औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ. एकमेकांना न लागून असलेले तुकडे, मधे भलत्यांचाच मुलूख. तरी १९३९ साली सगळ्यांना मिळून एक राज्यघटना मिळाली. तिच्या घडणीत गांधीजींचा हात होता. 'आधी चारही तालुके सारखे करून आणा' असं काही ते म्हणाले नाहीत.

आणि वाढपी बदलता येतो. सिनॉलॉजीच्या पेट्यांत 'एसएचआर' म्हणून सोय आहे. ती थर लावते. आधी चौघींकडून दोन-दोन घेते. मग लहानीला बसवून उरलेल्या तिघींकडून आणखी दोन-दोन. प्रत्येक थरातले दोन विम्याला, म्हणजे ६ आणि ४ मिळून १० हाती. मोठीचे शेवटचे चार तेवढे पडून राहतात, कारण त्यांना जोडीदार नाही. राहू द्यात. पुढे चाराच्या जागी आठाची आली की जमेल जोडी.

शिवाय एकाच घाण्यातल्या चार डिस्का एकाच दिवशी चालू केल्या, तर एकीत जो दोष तोच बाकीच्यांत असायची भीती. त्यापेक्षा वेगवेगळ्या वयाच्या बऱ्या. मापापेक्षा जातकुळी बघा. काही डिस्कांवर मजकुराच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, आणि मेलेल्या डिस्केच्या जागी नवी भरताना ही उचलाउचल फार नडते. २०२० साली अशा डिस्का 'नास'साठी म्हणून न सांगता विकल्या गेल्याचं उघड झालं आणि पुष्कळ बोंबाबोंब झाली. जाणकाराने यावर बोलावं ना! तिथं तो गप्प.

तो आणखी एका बाबतीत गप्प असतो. नातवाने वडिलांचा आवाज पुसला, तर तो चारही डिस्कांवरून एकदम आणि इमानाने पुसला जातो. विमा डिस्केचा आहे, नातवाचा नाही. तेव्हा चार सारख्या न घेऊन जे पैसे वाचतील, त्यांची एक सुटी डिस्क घ्या, सगळं तिच्यावर उतरवा आणि आटपाडीच्या बहिणीकडे साड्यांच्या कपाटात ठेवा. यमाईच्या यात्रेला ती येईल तेव्हा बरोबर आणायला सांगायची, नवे फोटो भरायचे आणि जाताना शिदोरीबरोबर परत द्यायची.