शिदोरी सोडण्यापूर्वी

सहलीला निघालेल्या माणसाला उपदेश करू नये, हा साधा शिष्टाचार मला ठाऊक आहे. त्यातून दिवाळीचे दिवस! तरीही आज तो शिष्टाचार मी मोडणार आहे. कारण सहलीला जाताना आपण शिदोरी घेतो, छत्री घेतो, कॅमेरा घेतो आणि चौकसपणा तेवढा घरी कुलपात ठेवतो, अशी माझी तक्रार आहे.

हल्ली आपल्याकडील पुष्कळ मंडळी मुलांकडे म्हणून विलायतेस जातात. लंडन पाहून झाले की कोणीतरी उत्तर वेल्सची टूम काढतो. मग गाडी डोंगरातल्या बाला गावी येते. स्थळ खरोखरच रमणीय आहे. गावाशेजारी तेगिद सरोवर, वेल्समधले सर्वांत मोठे नैसर्गिक तळे. त्याच्या काठाने अरुंद रुळांवरून छोटी आगगाडी धावते. तळ्याकाठच्या एका जुन्या चर्चमध्ये मेरी जोन्स या मुलीची कथा सांगणारे प्रदर्शन आहे. १८०० साली ही पंधरा वर्षांची गरीब मुलगी आपल्या भाषेतले, म्हणजे वेल्श भाषेतले, बायबल मिळावे म्हणून सुमारे २५ मैल डोंगरवाट तुडवत बालाला आली. प्रवासी हेलावतात, मुलांना म्हणतात, “पाहा, भाषेवर प्रेम असावे तर असे!” आणि गाडीत बसून पुढच्या ‘आकर्षणा’कडे निघतात.

पुढचे आकर्षण काही मैलांवर आहे. ट्रवेरिन नावाची लहान नदी बालापाशी डी नदीला मिळते. तिच्या काठाने वर गेले की केलिन सरोवर लागते. निळे पाणी, मागे डोंगर, रस्त्यालगत गाडी थांबवायला जागा. “काय देवाची करणी!” असे म्हणून मंडळी डबे उघडतात.

येथेच माझा आक्षेप आहे. ही देवाची करणी नव्हे, लिव्हरपूल महापालिकेची आहे. या पाण्याखाली कॅपेल केलिन नावाचे गाव होते: शाळा, टपालकचेरी, प्रार्थनामंदिर, दफनभूमी आणि बारा घरे व शेतवाड्या. खोऱ्यातल्या ६७ माणसांपैकी ४८ माणसांची घरे गेली. ही सारी वस्ती वेल्श बोलणारी. ज्या भाषेतल्या एका ग्रंथासाठी मेरी जोन्स एवढी पायपीट करून आली, त्या भाषेत मुले जिथे पाढे म्हणत ती शाळाच बुडवली गेली. भाषेवर प्रेम करणाऱ्या मुलीचे प्रदर्शन मांडायचे आणि भाषेत जगणारे गाव पाण्याखाली घालायचे, या दोन्ही गोष्टी एकाच नदीच्या खोऱ्यात सुखाने नांदतात. प्रवाशाला त्यांची विसंगती जाणवत नाही, कारण त्याच्या हातातल्या टिपणात ती दोन निरनिराळी ‘स्थळे’ आहेत!

“अहो, पण एवढ्या मोठ्या शहराला पाणी नको का?” असे कोणी विचारील. हवेच. प्रश्न पाण्याचा नाही, विचारण्याचा आहे. १९५६ साली गावकरी मुलाबाळांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांतून मोर्चा घेऊन गेले. १९५७ साली पार्लमेंटने धरणाचा कायदा केला, तेव्हा वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नाही. तरी कायदा झाला. ज्यांचे घर त्यांचा नकार आणि ज्यांना तहान त्यांचे बहुमत! १९६५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झाले. निदर्शकांनी ध्वनिक्षेपकाच्या तारा तोडल्या आणि समारंभ काही मिनिटांत गुंडाळावा लागला.

दुसरे कोणी म्हणतील, “झाले गेले गंगेला मिळाले. आज त्या धरणामुळे चार लोकांना रोजगार आहे.” हेही खोटे नाही. धरणातून सोडलेले पाणी ट्रवेरिनमधून डी नदीत जाते. त्या फेसाळ प्रवाहावर हवेच्या तराफ्यांतून उड्या घेण्याची हौस पुरी करायला लोक लांबून येतात, आणि उन्हाळ्यात इतर नद्या रोडावल्या तरी हिला पाणी असते. जरूर जावे, मनसोक्त भिजावे! पण रोजगार मिळाला म्हणून आठवण माफ होत नाही. खुद्द लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने २००५ साली या प्रकरणी क्षमा मागितली. बुडवणाऱ्यांना आठवण ठेवता येते, मग पाहुण्यालाच तिचे इतके ओझे का व्हावे?

वेल्सचे लोक तरी विसरलेले नाहीत. १९६० नंतरच्या काही वर्षांत अ‍ॅबरिस्टविथच्या दक्षिणेला रस्त्याकाठच्या एका पडक्या भिंतीवर कोणा तरुणाने रंगाने दोन शब्द लिहिले. अर्थ एवढाच, की ट्रवेरिनची आठवण ठेवा. २०१९ साली ती भिंत कोणी विद्रूप केली, तेव्हा तेच दोन शब्द वेल्सभर भिंतीभिंतींवर उमटले.

आणि हे सारे आपल्याला परके आहे असे समजू नये. मुंबईला वीज हवी म्हणून मुळशीचे खोरे बुडाले. त्याविरुद्ध १९२१ पासून मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तुरुंग भोगले. आज पावसाळ्यात त्याच पाण्याच्या काठी आपण भाजलेली कणसे आणि गरम भजी खातो. किती जण मुलांना सांगतात, की बाळांनो, या पाण्याखाली भाताची खाचरे होती? घरी न विचारलेला प्रश्न माणूस विलायतेत जाऊन विचारील, ही आशा व्यर्थच.

सुंदर ते पाहू नका, असे माझे म्हणणे नाही. केलिन सरोवराच्या काठी, रस्त्यालगतच, एक लहानसे स्मारक-मंदिर आहे. जुन्या दफनभूमीतल्या काही शिळा तेथे आणून ठेवल्या आहेत. तिथे दहा मिनिटे थांबा. शिळांवरची नावे आपल्याला नीट उच्चारता येणार नाहीत. तरी मुलांकडून वाचून घ्या, चुकतमाकत का होईना. कोणाच्या अंगणावर आपण बसलो आहोत, हे त्यांना कळू द्या. मग खुशाल शिदोरी सोडा. घास गोड लागेल; आणि थोडासा अडकला, तर सहल फुकट गेली नाही असे समजा.