घरचें यंत्रज्ञान : चाकाचा तुटलेला बोल्ट

ज्या घरीं बागाईत किंवा लहानसा व्यापार आहे, तेथें आज बैलगाडीच्या जागीं छोटा मालट्रक उभा दिसतो. गाडीच्या आंसाची खीळ किती मोलाची, हें जुन्या पिढीला सांगावें लागत नसे. वैदिक संस्कृतांत तर त्या खिळीला ‘आणि’ असें स्वतंत्र नांवच आहे. ट्रकच्या चाकाला ती खीळ म्हणजे हब-बोल्ट. छोट्या ट्रकच्या एका चाकास असे बहुधा 5 किंवा 6 असतात. चाक बदलतांना त्यांतला एखादा कडकन तुटतो आणि घरांतील तरुण मंडळी म्हणतात, “पांच राहिले आहेत कीं! तेवढे पुरे.”

तेवढे पुरत नाहींत. कां, तें पाहूं. चाक बोल्टांवर टांगलेलें असतें ही समजूत बरोबर नाहीं. नट आवळला म्हणजे बोल्ट स्प्रिंगप्रमाणें किंचित् ताणला जातो व त्या ताणानें चाक हबावर दाबून धरलें जातें. तो दाब हेंच खरें बंधन. एक बोल्ट गेला कीं त्या बाजूचा दाब उणा होतो. चाक सूक्ष्म हलूं लागतें. शेजारचे बोल्ट प्रत्येक फेऱ्यागणिक वांकतात आणि वारंवार वांकविलेल्या तारेप्रमाणें अखेर तुटतात. भरधांव गाडीचें सुटलेलें चाक कोणाच्या लेंकराच्या अंगावर जाईल, याचा नेम नाहीं. म्हणून ‘पांच राहिले’ असें न म्हणतां ‘शेजारचे दोन दुखावले’ असें म्हणावें. एक तुटला तर त्याच्या दोन्ही बाजूंचेही बदलावे. दोन तुटले तर सर्व बदलावे.

काम धीरानें केल्यास घरीं होण्याजोगें आहे. ट्रक रिकामा करून सपाट, कठीण जमिनीवर उभा करावा व इतर चाकांना पुढून-मागून अडणी लावावी. कारण मागच्या चाकाचा ड्रम काढावयाचा तर हातब्रेक सोडावा लागतो. नट थोडे सैल करून मग जॅक लावावा आणि आंसाखालीं लोखंडी स्टँड द्यावाच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही हात घालूं नये. ड्रममधील धूळ तोंडानें फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्यें ॲस्बेस्टॉस असूं शकतो व तो फुप्फुसांस घातक आहे.

बोल्ट मागील बाजूनें बसविलेला असतो. त्याच्या मानेवरील बारीक खांचा हबांत रुतून त्याला फिरूं देत नाहींत. मागें मोकळी जागा येईल असें हब फिरवून समोरून हातोड्यानें तो मागें पाडावा. चार घावांत न हलल्यास हट्ट करूं नये. बेअरिंगला इजा होते. मग हब उतरवून कारखान्यांतील प्रेसवर न्यावें.

नवा बोल्ट लांबी, जाडी, आटे व खांचा या सर्वांत जुन्यासारखाच हवा. तो मागून घालावा, समोर जाड वॉशर व जुना नट चपटी बाजू आंत करून लावावा आणि डोकें हबाला पूर्ण टेंकेपर्यंत सावकाश ओढून घ्यावा. डोकें केसभर वर राहिलें तरी तें पुढें बसतें आणि नट ढिला होतो. ओढण्यास वापरलेला नट टाकून द्यावा. निर्मात्याच्या पुस्तकांत प्रेसच सांगितला असेल, तर तेंच प्रमाण मानावें. मोठ्या ट्रकांचें जड हब मात्र घरीं उघडूं नये.

चाक चढविण्यापूर्वीं टेंकणाऱ्या पृष्ठांवरील गंज घासून काढावा. चाकाचीं भोंकें लांबट झालीं असल्यास तें चाक बाद समजावें. नट समोरासमोरच्या क्रमानें, दोन-तीन फेऱ्यांत, पुस्तकांत दिलेल्या मापापर्यंत टॉर्क-पान्यानें आवळावे. पुस्तकांत सांगितल्याशिवाय आट्यांना तेल लावूं नये. तेलामुळें त्याच मापाला बोल्ट अधिक ताणला जातो. पान्याला लांब नळी जोडून किंवा वर उभें राहून आवळणें, हें बोल्ट तुटण्याचें एक मोठें कारण आहे. ढिलाईनें बोल्ट तुटतो हें सर्वांस ठाऊक असतें. अतिरेकी आवळण्यानेंही तो तुटतो, हें मुलांना मुद्दाम शिकवावें लागतें.

शेवटचें काम बहुतेक घरांत राहून जातें. 80 ते 160 किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व नट त्याच मापानें पुन्हां तपासावे. ज्यानें बोल्ट बसविला त्यानेंच हें करावें, आणि तोंपर्यंत गाडींत घरचीं माणसें बसवूं नयेत.