सटवाईचा लेख आणि आशाताईची टेप

वाशिमला माझा एक शाळासोबती राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. सारा गाव त्याला गुरुजी म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. गेल्या दिवाळीनंतर त्याने मला तातडीने बोलावून घेतले. काम काय, तर बँकेतल्या ठेवींवर वारसांची नावे नीट लागली आहेत की नाही, ते तपासायचे. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला अशी बोलावणी नवी नाहीत. पण समोर बसलेल्या गुरुजींचा चेहरा पाहून मी कागद बाजूला ठेवले.

झाले होते असे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने वडिलांना प्रेमाने एक डबी पाठवली. तीत लाळ घालून डबी परत धाडायची, की महिन्याभरात शरीराचे ‘खरे वय’ कळते. अहवाल आला. गुरुजींचे वय ६७, पण पेशींचे वय म्हणे ७६! खाली बारीक अक्षरात ‘हृदयविकाराची शक्यता अधिक’ असा शेराही होता.

“आठ दिवसांपासून हेच वाचून राहिलो,” गुरुजी म्हणाले. “नऊ वर्षं कुठं गेली बाप्पा माझी?” देवतलावाकडे रोज पहाटे जाणारा हा माणूस. पण त्या दिवसापासून त्याने फिरणेही बंद केले होते. म्हणे, छातीवर ताण नको.

आपल्याकडे मूल जन्मले की सहाव्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर आयुष्याचा लेख लिहून जाते. तो लेख कुणाला वाचता येत नाही, हीच त्यातली सोय. आता तो वाचून दाखवणारे दुकान निघाले की काय, असे मला वाटले. परत आल्यावर मी या विषयावरचे जेवढे मिळेल तेवढे वाचले. त्यातून जे हाती लागले, ते माझ्या वयाच्या वाचकांना आणि त्यांच्या मुलांना सांगावेसे वाटते.

आपल्या पेशीत गुणसूत्रे असतात. गुणसूत्र म्हणजे एक लांबच लांब दोरा समजा. बैलाच्या कासऱ्याचा पीळ उसवू नये म्हणून शेतकरी त्याच्या टोकाला गाठ मारतो. निसर्गाने या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना तसाच बंदोबस्त केला आहे. सहा अक्षरांचा एकच मजकूर तिथे शेकडो, हजारो वेळा लिहिलेला असतो. या टोकाला म्हणतात टेलोमिअर. पेशी दुभंगून दोन होते तेव्हा हे टोक थोडे झिजते. फार झिजले, की पेशी दुभंगायची थांबते. माणसाच्या पेशी काचेच्या बशीत साधारण पन्नास वेळा दुभंगतात आणि मग थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्येच दाखवले होते. त्याचे कारण उलगडले ते तळ्यातल्या एका एकपेशीय जिवाच्या अभ्यासातून. एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना त्यासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग हृदयाचा संबंध कुठे आला? इंग्लंडमधल्या लेस्टरचे हृदयरोगतज्ज्ञ नीलेश सामानी आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये एक छोटी तुलना प्रसिद्ध केली. एका बाजूला हृदयाच्या रक्तवाहिन्या गंभीर रीतीने आखडलेले १० रुग्ण, दुसऱ्या बाजूला निर्दोष रक्तवाहिन्यांची २० माणसे. रुग्णांच्या पांढऱ्या पेशींमधली टोके इतकी आखूड निघाली, की ती साडेआठ वर्षांनी मोठ्या माणसांची वाटावीत. पुढे अशी पाहणी पुष्कळ झाली. २०१४ मध्ये २४ अभ्यास एकत्र केले गेले. त्यांत ४३ हजारांहून अधिक माणसे होती. सर्वांत आखूड टोकांचा एकतृतीयांश गट आणि सर्वांत लांब टोकांचा एकतृतीयांश गट यांची तुलना केली, तेव्हा पहिल्या गटात हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट निघाला.

म्हणजे गुरुजींची भीती खरी? इथे मला माझी बँक आठवते. तालुक्यातली शंभरातली किती पीककर्जे थकतील, याचा अंदाज आम्ही बरा बांधत असू. पण समोर बसलेला शेतकरी कर्ज फेडील की नाही, हे त्या टक्केवारीतून कधी कळले नाही. त्यासाठी त्याच्या बांधावर जावे लागे. विहिरीला पाणी किती, सोयाबीन कसे आहे, घरात लग्न आहे का, हे पाहावे लागे. ‘दीडपट’चा अर्थही असाच लावायचा. समजा, एका गटातल्या शंभरांपैकी दहाजणांना विकार व्हायचा असेल, तर दुसऱ्यात पंधराजणांना होईल. पंच्याऐंशी सुटलेच की! आणि गुरुजी त्या पंधरात की पंच्याऐंशीत, हे ती डबी सांगू शकत नाही.

त्यात मोजमापाची पद्धत बदलली की आकडा बदलतो. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांतही मोठा फरक असतो, कारण टोकांची लांबी बरीचशी आईबापांकडून येते. वृद्धांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या ४१९ लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आखूड टोके आणि हृदयविकाराचा झटका यांचे नाते त्यात ७३ वर्षांपर्यंतच्या माणसांत दिसले. त्यापुढच्यांत दिसले नाही.

टोके लांब करण्याच्या गोळ्याही आता विकल्या जातात. घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की लांब टोके म्हणजे निव्वळ वरदान नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात जन्मतः लांब टोके लाभलेल्यांना हृदयविकाराचा धोका कमी, पण कित्येक कर्करोगांचा धोका जास्त आढळला. पेशीने कधी थांबावे, यातही निसर्गाचा काही हिशेब आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो स्कॉटलंडमधला, २००७ चा अभ्यास. तिथे आखूड टोकांच्या पुरुषांत हृदयविकार अधिक दिसला खरा. पण ज्यांना कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी दिली होती, त्यांच्यात हा जादा धोका जवळजवळ नाहीसा झाला होता. म्हणजे सटवाईने काहीही लिहिलेले असो, उपाय तोच राहतो, आणि तो तिथल्या साध्या औषधांच्या दुकानात मिळतो. २००४ मध्ये ५२ देशांतल्या पाहणीतून निघालेले निष्कर्षही हेच सांगतात. पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींनी समजावता येतो. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, मनाचा ताण, फळे-भाज्यांचा अभाव, बैठेपणा आणि मद्य. यात मोजायला अवघड असे काय आहे?

आणि मोजणारी व्यवस्था आपल्या दारात आहे. मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात आणि कर्करोग यांच्यासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्याच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत आपला वाशिम होता. आज आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक तक्ता भरते. तंबाखू खाता का? दारू घेता का? चालणे-फिरणे किती? आईवडिलांना काही होते का? मग शिंप्याची असते तसली टेप काढून ती कमरेचा घेर मोजते. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० च्या वर गेला, की गुण वाढतात. पुढे उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर. याला पैसा लागत नाही. पण फुकटच्या गोष्टीवर आपला विश्वास बसत नाही, आणि आशाताई आली की घरातली मोठी माणसे “आम्हाले काय झालं?” म्हणून तिला परत पाठवतात.

एक गोष्ट मात्र ना टेपने मोजता येते, ना डबीने. २००४ मध्ये आजारी मुलांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या आयांचा एक छोटा अभ्यास झाला. ज्या स्त्रियांना ताण सर्वाधिक जाणवत होता, त्यांची टोके कमी ताण जाणवणाऱ्यांच्या मानाने निदान दहा वर्षांनी म्हाताऱ्या वाटावी इतकी झिजलेली निघाली. हे वाचताना मी थबकलो. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशिम होता. कर्जाची चिंता करत रात्र काढणारी माणसे मी टेबलापलीकडून पाहिली आहेत. त्यांच्या बायकाही पाहिल्या आहेत, दाराशी उभ्या राहिलेल्या, कधीच न बोलणाऱ्या. त्यांच्या पेशींची टोके कुणी मोजलेली नाहीत, आणि त्यांचा रक्तदाब तरी कुणी मोजला?

हा प्रश्न मनात घेऊनच मी पुन्हा वाशिमला गेलो. वहिनींनी चहा आणला. मी सहज विचारले, “वहिनी, तुमचं ब्लडप्रेशर केव्हा पाहिलं होतं?”

“माझं कायले पाहाचं? मी तर चांगली हाय. थोडं डोकं दुखते सकाळी, बस.”

मी हट्टच धरला. गुरुजी कुरकुरत उठले. आम्ही तिघे चालतच दवाखान्यात गेलो. गुरुजींचा रक्तदाब अगदी ठीक निघाला. वहिनींचा वरचा आकडा १७८ होता. नर्सबाईंनी पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजला, तर १७४. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, लोणचे-पापड कमी करायला सांगितले आणि साखर तपासायला चिठ्ठी दिली. परतताना गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, “चाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाले. माझा अहवाल आला, पण हिले कोणी डबी नाही पाठवली.”

डबीची गरजच नव्हती, हे मी त्यांना तेव्हा सांगितले नाही. ते आता दोघे मिळून फिरायला जातात.

आज रविवार आहे. मुले घरी असतील, किंवा संध्याकाळी फोन करतील. लांबच्या प्रयोगशाळेतून आईबापांचे ‘खरे वय’ मागवण्याआधी त्यांनी एवढेच विचारावे : आई, तुझा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? उत्तर लगेच आले नाही, तर उद्या सोमवारी दवाखाना उघडा असतो.