पायवाटेचा धनी कोण?

रस्ता बांधला की कोनशिला बसते, उद्‌घाटन होते आणि पुढे त्याची डागडुजी पाहणारे एखादे खातेही असते. पायवाटेचे तसे नाही. माणसे चालत राहिली तरच ती वाट. चालणे थांबले की दोन पावसाळ्यांत तिचे रान होते. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिका या चिमुकल्या बेटराष्ट्राला या साध्या सत्याचा जो अनुभव आला, तो पर्यटनावर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येक किनारी प्रदेशाने ध्यानी घेण्यासारखा आहे.

नामसाधर्म्यामुळे डोमिनिकन प्रजासत्ताकाशी याची गल्लत होते. पण हा देश निराळा. क्षेत्रफळ अवघे 750 चौरस किलोमीटर, लोकवस्ती सुमारे सत्तर हजार. 3 नोव्हेंबर 1978 रोजी तो ब्रिटिश सत्तेतून मुक्त झाला. कॅरिबियन म्हटले की शुभ्र वाळूचे किनारे डोळ्यांपुढे येतात. डोमिनिकाचे किनारे बहुतांशी काळ्या ज्वालामुखीय वाळूचे. तिचे खरे वैभव आहे ते डोंगरांत, घनदाट अरण्यांत आणि वाफाळत्या गरम तळ्यात. तेव्हा शेजाऱ्यांची नक्कल न करता आपले डोंगरच पाहुण्यांना दाखवावेत, असा विचार तेथील सरकारने केला, आणि युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने 2011 मध्ये दक्षिणेच्या स्कॉट्स हेडपासून उत्तरेच्या कॅब्रिट्सपर्यंत चौदा टप्प्यांची, सुमारे 185 किलोमीटरची पायवाट खुली झाली. तिचे नाव वायटुकुबुली, म्हणजे ‘उंच तिची काया’. मूळच्या कालिनागो लोकांनी आपल्या बेटाला दिलेले हे नाव. 1493 मध्ये एका रविवारी कोलंबसाला हे बेट दिसले आणि वारावरून त्याने त्याचे डोमिनिका असे बारसे केले. पाचशे वर्षांनी पायवाटेने का होईना, ते जुने नाव जगाच्या नकाशावर परत आणले, हे समाधानाचे आहे.

या वाटांचा इतिहास मात्र सहलीचा नाही. 1763 मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यावर मळ्यांचा विस्तार झाला आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम तेथे राबू लागले. त्यांतले अनेक पळून डोंगरात शिरले व तेथेच वसले. त्यांचा एक नायक जॅको चाळीसहून अधिक वर्षे रानात तग धरून राहिला आणि 1814 मध्ये मारला गेला. लायू नदीच्या खोऱ्यात उभ्या कड्यात खोदलेल्या पायऱ्या आजही त्याच्या नावाने ओळखल्या जातात. पाठलाग करणाऱ्याला सापडू नयेत म्हणून ज्या वाटा पडल्या, त्यांतल्या काहींवरून आज हाती नकाशा घेतलेला परदेशी पाहुणा चालतो. काळाचा महिमा तो हाच!

परंतु 18 सप्टेंबर 2017 च्या रात्री मारिया चक्रीवादळ बेटावर आदळले. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक हानी झाली. झाडे उन्मळली, दरडी कोसळल्या, वाटा बुजल्या. घरांवर छपरे घालायची की रानातल्या वाटा साफ करायच्या, या प्रश्नाचे उत्तर उघड होते. पुढे टप्प्याटप्प्याने काही भाग मोकळे झाले. पण वाट बांधायला मिळणारा पैसा ती राखायला मिळत नाही, हे कटू सत्य त्या वादळाने उघडे केले. देणगीदारांना उद्‌घाटन हवे असते. दरवर्षीची कोयती आणि कुदळ कोणालाच नको असते.

आता त्या गरम तळ्याकडे रज्जुमार्ग नेण्याचे काम तेथे हाती घेण्यात आले आहे. लोदा गावातून हे तळे गाठून परत यायला साधारण सहा तासांची खडतर चाल पडते. वृद्धांना व अपंगांनाही ते पाहता यावे, ही इच्छा गैर नव्हे. तथापि हे तळे ज्या उद्यानात आहे, त्याला 1997 पासून जागतिक वारशाचा मान आहे, हे विसरता येत नाही. शिवाय चालणाऱ्याला वाटाड्या लागतो, गावात रात्रीचा निवारा लागतो, जेवण लागते. त्याचा पैसा वाटेवरच्या घरांत पडतो. पाळण्यातून आलेला प्रवासी तासाभरात परततो. त्याचा पैसा कोणाच्या हाती पडणार, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

आमच्या मते उपाय एकच. ज्या गावाच्या शिवेतून वाट जाते, त्या गावाला तिच्या राखणीचे काम, त्या कामाचा नियमित मोबदला आणि उत्पन्नात वाटा द्यावा. वाट ज्याच्या पोटाशी बांधलेली असते, तोच वादळानंतर पहिल्यांदा कोयता उचलतो.

सह्याद्रीच्या ज्या घाटवाटांनी एके काळी लमाणांचे बैलतांडे मीठ आणि धान्य घेऊन ये-जा करीत, त्यांतल्या किती आज चालत्या आहेत? त्या कोणत्याही वादळाने बुजवल्या नाहीत. आपण चालणे सोडले, एवढेच.