ट्रॉलीत ऊस नाही, पोरं बसणारेत

शेवगावात हुरड्याचे दिवस आले. शाळेच्या निधीसाठी पोरांना ट्रॉलीतून शिवारफेरी, कल्पना झकास. पण "काय होत नाही" म्हणणाऱ्यांनी ४ एप्रिल २०२५ आठवा. नांदेडच्या आलेगाव शिवारात मजुरांचा ट्रॅक्टर विहिरीत गेला, सात बाया दगावल्या.

ट्रॉली मालाची, माणसांची नाही. कायदाबी तेच सांगतो. म्हणून रस्त्यावर फेरी नकोच. आपल्याच सपाट रानात, विहीर-चारीपासून लांब, पहिल्या गिअरात चालवा. दोन्ही ब्रेक जोडा, पिनला क्लिप लावा, डंपिंगचा पाइप काढून ठेवा. पोरं खाली कडब्यावर बसवा, सोबत दोन जाणती माणसं. मडगार्डवर एकही पोरगं नको. एवढं जमत नसंल तर पोरं पायी फिरवा. देणगी तेवढीच मिळंल.