दहावा रकाना

“डॉक्टरसाहेब, माझी बुद्धी मंदावली का हो?” ७२ वर्षांच्या एका आजोबांनी विचारले. नातवाने शिकवलेल्या टेट्रिसमध्ये ते रोज हरत होते.

अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ साली मॉस्कोत रचलेल्या या खेळात चार-चार चौकोनांचे सात प्रकारचे ठोकळे वरून पडतात. दहा रकान्यांची आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. आजोबा मिळेल ती ओळ घाईने पुसत. मी सुचवले, नऊ रकाने सपाट रचावेत, मध्ये पोकळी झाकली जाऊ देऊ नये आणि कडेचा दहावा रकाना रिकामा ठेवावा. चार ओळी तयार झाल्या की त्यात उभी काठी सोडावी. निन्टेन्डोच्या १९८९च्या आवृत्तीत आरंभी एका ओळीला ४० गुण मिळतात. चार एकदम पुसल्यास १२००! रकाना पुन्हा मोकळा राखला की तीच चाल पुन्हा साधते. मात्र काठी येईना आणि रास निम्म्यावर चढली, तर लोभ सोडून एक-दोन ओळी पुसाव्यात.

वेग वाढत गेला की या खेळात कोणीही हरतो. ते विस्मरणाचे लक्षण नव्हे. औषधांच्या वेळा, पैशांचा हिशेब, ओळखीचा रस्ता यांत वारंवार चुका होऊ लागल्या, तर मात्र घरच्यांनी तपासणी लांबवू नये.

खेळ हा विरंगुळा आहे, औषध नव्हे. वीस मिनिटांनी उठावे, मान मोकळी करावी. आजोबा आजही हरतात. पण आता घाबरत नाहीत.